ओळखदाराला ओळखणार कोण

त्रिंबक म्हाळू वाघमोडे गेली छत्तीस वर्षं माणसं ओळखण्याचं काम करतात. छंद म्हणून नाही, पोटासाठी. संभाजीनगरच्या कडेला एका तहसील कार्यालयासमोर पत्र्याच्या शेडखाली अर्ज लिहिणाऱ्यांची रांग बसते. त्या रांगेच्या टोकाला, धम्मपालच्या प्रिंटरशेजारी, त्यांची लोखंडी खुर्ची असते. सरकारी कागदावर माणसानं नुसतं "मी म्हणजे मीच" म्हटलेलं चालत नाही. दुसऱ्या कुणीतरी खाली लिहून द्यावं लागतं, की होय, मी यास ओळखतो. ह्या दुसऱ्या कुणीतरीला ओळखदार म्हणतात. ज्याला असा दुसरा कुणी नसतो, तो त्रिंबक तात्यांकडे येतो.

बाकीचे ओळखदार माणसाकडे न बघता सही ठोकतात. तात्यांना ते जमलं नाही. मेंढरामागं वाढलेला माणूस. संध्याकाळी कळप परत आला की शंभर कोकरं एकदम सुटतात आणि प्रत्येक कोकरू ज्याच्या त्याच्या आईखाली नेऊन लावावं लागतं. चुकलं तर ते उपाशी राहतं. हे काम तात्यांनी सातव्या वर्षापासून केलं. त्यामुळं ओळखणं ही गोष्ट ते फार मनावर घेत. पहिल्यांदा त्यांना कुणी सही मागितली तेव्हा ते सरळ म्हणाले होते, "मी तुम्हाला वळखत नाय." त्या माणसानं चहा मागवला आणि तासभर आपली कर्मकहाणी सांगितली. तास संपल्यावर तात्या त्याला ओळखू लागले होते, तेव्हा त्यांनी सही केली. तीच पद्धत पडली.

पुढं पुढं तास परवडेना, म्हणून तीन प्रश्न राहिले. गावात शिरताना पहिलं घर कुणाचं. लहानपणी कशावरून पडला. आणि घरात कोण कुणाशी बोलत नाही. तिसऱ्या प्रश्नावर तात्यांचा फार भरवसा. नाव माणूस खोटं सांगेल, बापाचंही सांगेल. पण धाकटी काकू थोरल्या आत्याशी कधीपासून आणि कोणत्या लग्नापासून बोलत नाही, हे कुणाला रचून सांगता येत नाही.

अशा रीतीनं रेशन कार्डं, वारसाच्या नोंदी, लग्नाच्या नोंदण्या, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे घरी, रानात, रस्त्यात जन्मलेल्या माणसांचे उशिरा काढलेले जन्मदाखले, असे हजारो कागद तात्यांच्या सहीवर उभे राहिले. पंचक्रोशीतले निम्मे लोक कागदोपत्री जे कुणी होते, ते तात्यांनी त्यांना तसं ओळखलं होतं म्हणून होते.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी कार्यालयात वरून एक पत्र आलं. उशिरा काढलेले जन्मदाखले पुन्हा तपासा, आणि त्यावरचे ओळखदार स्वतः कोण आहेत तेही तपासा. नायब तहसीलदारांनी तात्यांना आत बोलावलं. हे साहेब मृदू बोलणारे होते. समोरच्याचं काही काढून घ्यायचं असलं की त्याला आधी बसायला सांगत.

"बसा तात्या. तुमचा जन्मदाखला लागेल."

"माझा?"

"तुमचाच."

"आता या वयात?"

"जन्माला वय नसतं," साहेब म्हणाले.

तात्यांकडे आधार कार्ड होतं. त्यावर जन्मतारीख एक जानेवारी होती. ज्यांना आपली तारीख माहीत नसते, त्यांना सरकार वर्षाचा पहिला दिवस देऊन टाकतं. पण आधार म्हणजे जन्माचा पुरावा नव्हे, असं साहेबांनी सांगितलं. मतदार कार्ड रेशन कार्डावरून निघालेलं. रेशन कार्ड सरपंचाच्या पत्रावरून. आणि सरपंचाचा रहिवासी दाखला काढून पाहिला, तर त्याच्या तळाशी ओळखदार म्हणून मोठ्या, गोल अक्षरात सही होती, त्रिंबक म्हाळू वाघमोडे.

"म्हणजे तुम्ही सरपंचाला ओळखता, म्हणून सरपंच आहे," साहेब हळू आवाजात म्हणाले. "आणि सरपंच तुम्हाला ओळखतो, म्हणून तुम्ही आहात."

"व्हय."

"हे खाली कुठंतरी जमिनीला टेकायला पाहिजे, तात्या."

तीस दिवसांची मुदत मिळाली. तेवढ्यात तात्यांनी आपण याच देशात जन्मलो हे सिद्ध करायचं. नाही केलं, तर ते संशयित, आणि त्यांच्या सहीवर ओळखला गेलेला प्रत्येक जण चौकशीला पात्र. साहेबांनी सगळे जुने कागद बाहेर काढायला सांगितले. दुसऱ्याच दिवशी त्या ढिगात त्यांच्या स्वतःच्या लग्नाची नोंदणी सापडली, तात्यांच्या सहीची. तात्या कुणीच नसतील तर साहेब अविवाहित ठरत होते. साहेब दोन दिवस विचारात होते. नेमकं कशाचा विचार करत होते, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनी शिपायामार्फत निरोप दिला की तात्यांनी घाई करावी.

बातमी पसरली तशी खुर्चीभोवती गर्दी होऊ लागली. लोक सांत्वनाला येत नव्हते.

"तात्या, तुम्ही एकदाचं जन्मून घ्या," एक जण म्हणाला. "पोरीचं कॉलेज अडकलंय."

"मी साक्ष देतो ना," दुसरा म्हणाला. "ह्यांना कोण वळखत नाय?"

धम्मपालनं मान हलवली. धम्मपाल म्हणजे तात्यांच्या शेजारी टाइपरायटरपासून प्रिंटरपर्यंत आलेला अर्जलेखक. कायद्याचं बोलणं त्यालाच विचारत. "तुझ्या दाखल्यावर तात्याची सही. तात्या खोटा तर तू खोटा. अन् खोट्याची साक्ष तात्याला खरं कशी करंल? अशी साक्ष चालत नाय. ज्याच्या कागदावर तात्याची सही नाय, असा माणूस आणा."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. असा माणूस तिथं नव्हता.

घरी बानाबाईंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, सगळं ऐकून घेतलं. "चाळीस वर्सं मी कुणासंगं संसार केला मग?" असं विचारलं. "ते ठरंस्तवर जेवून घ्या," बानाबाई म्हणाल्या.

याच सुमाराला रूपाली आली. ती पुण्याच्या एका संस्थेत काम करत होती आणि ज्यांना कुठलाच देश आपलं म्हणत नाही अशा माणसांची पाहणी करत फिरत होती. तहसीलसमोर असा एक माणूस तयार होतोय, हे तिला कुणीतरी सांगितलं. तिच्याकडे चौदा पानी फॉर्म होता. तात्यांनी तिच्यासाठी चहा मागवला आणि सवयीनं घरात कोण कुणाशी बोलत नाही ते विचारलं. रूपालीनं सांगितलं. तात्यांचं समाधान झालं, मग ती विचारायला मोकळी झाली.

"काका, तुम्हाला कुठला देश आपला नागरिक मानतो?"

"कुणी विचारलं नाय आजवर."

"'माहीत नाही' लिहू?"

"तसं नाय. लिवा, विचारलं नाय."

फॉर्ममध्ये तसा रकाना नव्हता. रूपालीनं त्यांना मोठ्या गोष्टी समजावून सांगितल्या. प्रत्येक माणसाला राष्ट्रीयत्वाचा हक्क आहे, असं जगानं १९४८ सालीच लिहून ठेवलंय. जगात कुणीही बिनदेशाचं राहू नये म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २०१४ मध्ये दहा वर्षांची मोहीम काढली होती.

"मग?"

"दहा वर्षं संपली."

"अन् लोकं?"

"लोक आहेत अजून. लाखोंनी. म्हणून आता नवी आघाडी केलीय." रूपालीला हे सांगताना जरा अवघडल्यासारखं झालं. "शिवाय या विषयावर दोन मोठे करार आहेत, चोपन्नचा आणि एकसष्टचा. आपल्या देशानं त्यावर सही केलेली नाही."

तात्यांनी सहानुभूतीनं मान हलवली. "वळखदार मिळाला नसंल."

रूपालीनं ते लिहून घेतलं नाही, पण फॉर्म मिटून ठेवला आणि साध्या मराठीत विचारलं, "काका, तुम्ही जन्मलात तेव्हा तिथं कोण होतं?"

आई सांगायची ते तात्यांना आठवत होतं. कळप करमाडच्या बाजूला होता. सुगीनंतर रिकाम्या वावरात मेंढरं बसवायची ही जुनी रीत. चार रात्री कळप बसला की लेंड्यामुताचं खत होतं, त्या बदल्यात शेतकरी धान्य देतो. तशाच एका वावरात तात्या जन्मले. वावर कुणा पाटलाचं होतं. पाटील केव्हाच गेले, पण त्यांचा मुलगा काकासाहेब असेल. चौऱ्याहत्तर वर्षांचा. धम्मपालनं आपलं जुन्या नकलांचं कपाट धुंडाळलं. काकासाहेबांच्या एकाही कागदावर तात्यांची सही नव्हती. त्यांचे कागद निजामाच्या वेळेपासून इतके पक्के, की त्यांना ओळखदाराची गरजच कधी पडली नव्हती.

मुदतीला आठ दिवस राहिले असताना तात्या आणि रूपाली जालना रस्त्यानं करमाडला गेले. काकासाहेब ओट्यावर कांदे निवडत बसले होते. तात्यांनी नाव सांगितलं, तशी त्यांनी हातातला कांदा खाली ठेवला.

"त्रिंबक? म्हाळू धनगराचा? अरे, तू तर आमच्या घरातलाच."

ते खरंही होतं, फक्त तात्यांना त्याचा पत्ता नव्हता. काकासाहेबांनी सगळं तपशिलानं सांगितलं. ते बारा वर्षांचे होते. त्या दिवशी त्यांच्या विहिरीवर गावातलं पहिलं डिझेल इंजिन बसलं होतं. दुपारी पूजा झाली, इंजिन सुरू केलं, त्याचा असा आवाज झाला की शेजारच्या वावरातली मेंढरं उधळली आणि म्हाळूच्या बायकोला कळा सुरू झाल्या. काकासाहेबांची आई पूजेचं ताट ठेवून धावली. काकासाहेबांना गूळ आणायला पिटाळलं. ते गूळ घेऊन पोचले तेव्हा त्रिंबक जन्मलेला होता आणि इंजिन बंद पडलेलं होतं.

"कोणतं साल?" रूपालीनं विचारलं.

"इंजिनाची पावती हाय की." काकासाहेब आत गेले आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून पिवळा कागद घेऊन आले. अकरा फेब्रुवारी १९६३. इंजिन नंबर, हॉर्सपॉवर, दुकानदाराची सही आणि शिक्का. इंजिनाचं सगळं व्यवस्थित होतं.

"तवापासनं त्या वावराला आम्ही त्रिंबकच म्हणतो," काकासाहेब सांगू लागले. सातबाऱ्यावर त्याला गट नंबर होता, पण घरात तो कुणी उच्चारत नसे. त्यांनी आतल्या सुनेला हाक मारून विचारलं, "अंबिका, गड्याला कुठं धाडलंय?"

"त्रिंबकात," आतून उत्तर आलं. "त्रिंबकाला पाणी द्यायचं राहिलंय ना."

तात्या ओट्यावर बसून हे ऐकत होते. आपल्याला गेल्या वर्षी तूर लावली होती, यंदा आपल्यात मका आहे, आणि आपली पश्चिमेकडची बाजू जरा मुरमाड आहे, एवढं त्यांना अर्ध्या तासात कळलं. बासष्ट वर्षं कुणीतरी रोज आपलं नाव घेत होतं, याचं त्यांना इतकं नवल वाटलं की चहा तसाच गार झाला.

रूपालीनं पिशवीतून छापील कागद काढला. "एवढंच लिहून द्यायचंय काका, की यांचा जन्म तुमच्या शेतात झाला आणि तुम्ही तो पाहिला."

काकासाहेबांनी कागद हातात घेतला नाही. पावती घडी घालून पिशवीत ठेवली, पिशवीला गाठ मारली.

"माझा जन्म झाला तवा आमच्या बापाची सोळा एकर कुळकायद्यात चालली व्हती," ते म्हणाले. "कुणीतरी लिवून दिलं व्हतं, की हा माणूस या वावरात असतो. तेवढ्यावर."

"पाटील, मला वावर कशाला लागतंय," तात्या म्हणाले.

"तुला नाय लागत. तुझ्या पोरांना लागंल. नातवाला लागंल. एक तर वावराचं नावच त्रिंबक. त्यात सरकारी कागदावर त्रिंबक तिथंच जन्मला. शेंद्र्याच्या कंपन्या पार कुंपणापातुर आल्यात. उद्या एखादा वकील उभा राहिला, तर मी कोर्टात काय सांगू? की मी त्रिंबकात मका लावतो?"

मग काकासाहेबांनाच एक तोड सुचली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"असं कर. तू लासूर स्टेशनला जन्मला असं लिव. मी दहा सह्या देतो. लासूरला माझी जमीन नाय."

रूपालीनं तात्यांकडे पाहिलं. आठ दिवस उरले होते आणि साक्षीदार समोर सही द्यायला तयार होता. फक्त गाव चुकत होतं, आणि कार्यालयात ते कुणी तपासलं नसतं.

"नाय पाटील," तात्या म्हणाले. "आजवर खोटं वळखलं नाय कुणाला. सोताला कसं वळखू?"

परतीच्या वाटेवर रूपाली चिडली होती. कोणावर, हे तिला ठरवता येत नव्हतं. तात्या मात्र खिडकीतून वावरं बघत होते आणि अधूनमधून विचारत होते, मक्याला पाण्याची पाळी किती दिवसांनी लागते.

बानाबाईंनी ऐकून घेतलं आणि भाकरी उलटता उलटता म्हणाल्या, "त्यांला वावराचं भ्या हाय ना? मग लिवून द्या की वावर नको म्हून. त्यांनी तुमचा जलम लिवून दिला तर त्यांचं जातंय. तुम्ही लिवून दिला तर तुमचं काय जातंय?"

तात्यांनी हे धम्मपालला सांगितलं. धम्मपालनं प्रिंटर बंद केला. तो फार विचार करायचा असला की प्रिंटर बंद करतो. "नसलेला हक्क सोडता येत नाय," तो म्हणाला. "पण प्रतिज्ञापत्र करता येतं. कशाचंबी करता येतं."

निरोप गेला. काकासाहेब मुदत संपायच्या आदल्या दिवशी सकाळी साडेनऊला हजर झाले, कार्यालय उघडायच्याही आधी. वकिलाकडून मसुदा करून आणला होता आणि स्टॅम्प पेपरही स्वतःच घेऊन आले होते. मसुद्यात असं होतं, की मी, त्रिंबक म्हाळू वाघमोडे, अकरा फेब्रुवारी १९६३ रोजी दुपारी करमाड शिवारातील अमुक गटात जन्मलो. परंतु सदर जन्मामुळे मला, माझ्या वारसांना अथवा वारसांच्या वारसांना त्या जमिनीत कोणताही हक्क, हितसंबंध अगर वहिवाट प्राप्त झालेली नाही व कधीही होणार नाही. 'दुपारी' हा शब्द वकिलाला नको होता. काकासाहेबांनी आग्रहानं घालायला लावला. संध्याकाळ म्हटलं असतं तर मुक्काम सिद्ध झाला असता.

तात्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "बरोबर हाय."

धम्मपालनं टाइप केलं. मंडळी नोटरीच्या टेबलापुढं उभी राहिली. नोटरी चष्मा पुसत म्हणाले, "लिहून देणाऱ्याला ओळखणारा कोण?"

नेहमी या प्रश्नाला अख्ख्या शेडचं बोट तात्यांकडे जायचं. आताही चार-दोन बोटं उठली आणि खाली गेली.

"कुणी नाही?" नोटरी म्हणाले. "मग हे राहू द्या. हा माणूस त्रिंबक आहे हेच माहीत नसेल, तर यानं सोडलेलं सुटलंय कशावरून?"

काकासाहेब अस्वस्थ झाले. वावराला गिऱ्हाईक लागलेलं होतं. पोरांनी बोलणी केली होती. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, मग पुढं झाले.

"मी हाय की. मी वळखतो."

"किती वर्षांपासून?"

काकासाहेबांनी क्षणभर हिशेब केला. ओळख जितकी जुनी, तितकं सोडपत्र घट्ट.

"लिवा, जन्मल्यापासनं," ते म्हणाले. "जन्मल्याच्या घटकेपासनं लिवा. मी गूळ घेऊन गेलो व्हतो. त्याच्या आईला बी वळखतो, बापाला बी. ह्यो तोच. पुन्हा कुणी म्हणाया नको, की दुसराच त्रिंबक व्हता."

आणि त्यांनी आपलं आधार, सातबारा, आणि न मागता इंजिनाची पावतीही टेबलावर ठेवली. रूपाली मागं उभी होती. सह्या झाल्या, शिक्का बसला, तेव्हा ती फक्त म्हणाली, "तीन झेरॉक्स काढते."

एक प्रत काकासाहेबांनी शर्टाच्या आत, बनियनला लागून ठेवली. दुसरी नायब तहसीलदारांच्या टेबलावर गेली. साहेबांनी ती दोनदा वाचली. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार, तारीख, वेळ, ठिकाण, गट नंबर, सोबत त्याच दिवसाची पावती. गेल्या अनेक वर्षांत इतका भक्कम जन्म त्यांच्या पाहण्यात आला नव्हता. त्यांनी आदेशावर सही केली. घरी फोन करून ते दोन मिनिटं बोलले, असं शिपाई सांगतो. काय बोलले ते त्याला ऐकू आलं नाही.

काकासाहेबांना हे कळलं ते निघता निघता, जिन्यात. "म्हणजे मी जे नाय म्हणत व्हतो, ते मी लिवून दिलं?"

"व्हय," तात्या म्हणाले. "पण वावर शाबूत हाय तुमचं."

काकासाहेबांनी छातीवर हात ठेवून कागद आहे का ते चाचपलं. "मग बरं हाय," ते म्हणाले, आणि तात्यांना मक्याची कणसं न्यायला बोलावलं. आल्यावर रात्री मुक्काम मात्र करू नकोस, हेही सांगितलं.

दाखला दहा दिवसांनी आला. रूपाली मुद्दाम पुण्याहून आली होती. फॉर्मचं चौदावं पान भरायचं राहिलं होतं. तात्या खुर्चीवर बसले, बानाबाई उभ्याच राहिल्या, आणि धम्मपालनं मोठ्यानं वाचलं. नाव, बापाचं नाव, आईचं नाव, तारीख, सगळं ठीक होतं. जन्मस्थळाच्या रकान्यात मात्र नोंद करणाऱ्या कारकुनानं प्रतिज्ञापत्रातली अटही उतरवून ठेवली होती. बारीक अक्षरात, रकान्याच्या बाहेर जात, कडेनं वर चढत ते असं होतं: करमाड शिवारातील शेत, ज्यावर सदर व्यक्तीचा कोणताही हक्क नाही व कधीही होणार नाही.

रूपालीनं कागद हातात घेऊन पुन्हा वाचला. "काका, हे चुकलंय. दुरुस्तीचा अर्ज करता येतो. मी करते."

तात्यांनी दाखला तिच्या हातातून घेतला आणि बानाबाईंना दिला.

"राहू द्या, बाई," ते म्हणाले. "एवढं खरं सरकारी कागदावर कुठं वाचाया मिळतं."